चक्कीच्या जागेचा ठराव

मेडशी
१८ जानेवारी २०२५

भाऊ पुंजाजी,

तुह्या मोठ्या बहिनीचा, रंगूबाईचा, मेडशीवरून रामराम. फोनच केला असता. पन फौजेत तोफा उडवून उडवून तुहे कान गेले, अन् फोनवर तू नुसता हां हां करतं अन् ठेवून देतं. मंग म्हनलं लिहूनच टाकावं. दुसरीतून शाळा सुटली माही, अक्षर वावरातल्या ढोरावानी कुठंबी जाते. सांभाळून वाच.

आपली चितकबरी बकरी व्याली. दोन पिल्लं, दोन्ही पाटी, बोकड एकबी नाई. एक तं अशी नाचरी हाय का खाटेवर चढून माही गोधडी खाते. तूर सोंगून झाली, औंदा दाना बरा हाय. संक्रांतीले शेजारच्या बेबीबाईनं लय छान तिळगूळ केला होता, मी दातानं फोडता येईना म्हून चहात बुडवून खाल्ला. धनीबाईले सांग, तिनं धाडलेलं लोनचं संपलं. माह्या भावजयीच्या हाताले चव हाय, तुह्या जिभेवर नसली तरी.

आता खरी गोष्ट सांगते, उगाच बकरीत गुंतली मी. पान पलटव.

चक्की तं तू पाह्यली हाय. माहा भागवत तिकडे बर्फात दबून गेला, त्यानंतर सरकारनं त्याच्या बायकोले, निकिताले, स्टँडजवळ जागा देल्ली. तिथं तिनं टिनाचं शेड टाकून पिठाची चक्की बसवली. तवापासून माही सून रोज पिठानं पांढरी होऊन घरी येते. कामात कसूर नाई, माह्यात नाई, पोरीत नाई. पन हसनं म्हंजे कसं असते ते तिचं तिलेच आठवत नसन.

दसऱ्यापासून चक्कीची मोटर जळू लागली. बेबीबाईचा भाऊ, देवानंद, कामरगावले जळलेल्या मोटरा नवी तार भरून दुरुस्त करते. तो बहिनीकडे आला होता, त्यानं भरून देल्ली. पंधरा दिवसानं पुन्हा जळली. मंग पुन्हा. मी म्हनलं, बाप्पा, ही मोटर हाय का उदबत्ती? एक दिवस मी डबा घेऊन गेली, तं मोटर चालू, चक्की चालू, अन् हा गडी समोर बसून एकच स्क्रू पुसून राह्यला. निकिता हसत होती. पुंजाजी, दात दिसत होते रे तिचे. मी तशीच मागं फिरली अन् लिंबाखाली बसून डबा मीच खाल्ला.

त्याची बायको बाळंतपनात गेली, लेकरूबी गेलं. बोलते कमी. योगिनी, आपली नात, कोनाच्या जवळ जात नाई, ती याच्या खांद्यावर बसून बाजार फिरते. पोळ्याच्या बैलावानी मिरवते. मंग एक दिवस तो माह्यापाशीच आला. टोपी हातात घेऊन म्हने, "मावशी, तुमची सून मागतो, पन तुमच्यापासून तोडत नाई. मीच इकडे येतो. चक्कीच्या बाजूले माहं दुकान टाकतो."

मले एक ल्योक देवानं नेला, अन् त्याच्या जागी हा आपल्या पायानं चालत आला. मी त्याले सांगतलं, पाट लावून अंधारात नाई न्यायची माही सून. दिवसाढवळ्या लगन, मांडव घालून, बँड लावून. तोबी हो म्हनला. अखाजी झाली का लगन. तू मामा, तू पयले पायजे. हुरड्याले या दोघं.

तुही बाई,
रंगू


केनवड, तालुका रिसोड
३ फेब्रुवारी २०२५

बाई,

तुझं पत्र मिळालं. बकरीची खबर वाचून आनंद झाला. दोन्ही पाटी म्हणजे नशीबच. तुझं पत्र म्हणजे बिनहुकमाची परेड, सुरू होते पण थांबत नाही. पहिलं पान वाचलं. बाकीचं धनीबाईनं डब्यात ठेवलं आहे, फुरसतीनं वाचीन.

कामात होतो म्हणून उत्तराले उशीर. कामही तुझ्याच फायद्याचं होतं. शहीद जवानाच्या कुटुंबासाठी सरकार नवं धोरण करून राह्यलं, अन् त्यासाठी राज्यातल्या माजी सैनिक मंडळांकडून सूचना मागवल्या आहेत. आजपर्यंत आमाले कोणी विचारत नव्हतं, आता विचारते. म्हणून वाशिमले जिल्ह्याची बैठक झाली. अध्यक्ष कॅप्टन मदनसिंग साहेब. रिसोड तालुक्याचा अध्यक्ष म्हणून मी.

एक सूचना मी स्वतः मांडली. ती अशी, की शहीदाच्या विधवेनं घरातच, म्हणजे दिराशी लग्न केलं, तर सरकारनं देल्लेली जागा तिच्याकडेच राहावी. घराबाहेर केलं, तर जागा तिच्याकडून काढून शहीदाच्या आईबापाच्या नावानं करावी. मी सांगितलं, माझ्या बहिणीचंच पाहा. पोरगा गेला. उद्या सून कोणाचा हात धरून गेली, तर म्हातारी उघड्यावर पडेल, तिलेही हेच पाहिजे. साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऐकू आल्या नाहीत, पण हात दिसत होते.

तुझा धाकटा शिवम पुण्यात कंपनीत लागला आहे, बिनलग्नाचा आहे. भागवतचा सख्खा भाऊ. निकिताशी बोलून पाह्य. घरातली लक्ष्मी घरात राहील. धनीबाई लोणचं पाठवून राह्यली.

तुझा भाऊ,
हवालदार पुंजाजी (निवृत्त)


मेडशी
१२ फेब्रुवारी २०२५

पुंजाजी,

रामराम नाई.

माह्या डोळ्यात मोतीबिंदू हाय अन् तुहं अक्षर फौजेतलं, साऱ्या मुंग्या रांगेत. मले वाचता येत नाई. म्हून तुहं पत्र मी निकितालेच वाचाले देल्लं. चुलीपाशी बसून, मोठ्या आवाजात. बकरीच्या ओळीपाशी आमी दोघी हसलो. "घराबाहेर केलं तर" इथं तिचा आवाज बारीक झाला. मी म्हनलं राहू दे. तिनं नाई ठेवलं. शिवमचं वाचलं, लक्ष्मीचं वाचलं, तुही सही वाचली, घडी घातली अन् मले म्हने, "आई, वरनात मीठ टाकलं का?"

दुसऱ्या दिवशी तिनं बेबीबाईच्या हाती देवानंदले निरोप धाडला का येऊ नका. मी विचारलं, काहून? तं म्हने, योगिनीच्या डोक्यावरचं टिन मी माह्या लग्नापायी घालवू काय? त्यानंतर मोटर खरंच जळली. तिनं वाशिमवरून दुसरा मानूस बोलावला. तो येईपर्यंत बाया पायलीचे डबे घेऊन उभ्या, अन् ही बंद पडलेल्या जात्यावानी बसलेली.

आता तू सांग मले. मी तुले कधी म्हनलं होतं का मले जागा पायजे? कोन्या जनमात? "तिलेही हेच पाहिजे" म्हने. तिले म्हंजे मले. मी जित्ती हाय, मेडशीत राहते, एसटी रोज जाते. बाजारात बकरी घ्याची असली तरी मानूस तिचं तोंड उघडून दात पाहते. तू माहं तोंडही उघडू देल्लं नाई अन् माह्या तोंडून बोलला.

तुमच्या बैठकीत बाया किती होत्या? नव्हती ना एकबी? विधवा कोनाशी लगन करन त्याच्या सूचना देनारे सारे मिशीवाले. कॅप्टन साहेबाची बायको जित्ती, तुही जित्ती, घरी जाऊन गरम भाकर खाल्ली असन साऱ्याईनं. टाळ्या वाजवल्या म्हने. भागवतच्या मातीले तुमच्या मंडळानं फुलाचं चक्र आनलं होतं, तवा मी तुमच्या साऱ्याईच्या पाया पडली होती. ते पाया पडनं मी आता वापस घेते.

शिवमले फोनवर सांगतलं. तो म्हने, मामाले सांग मी चंद्रावर गेलो. ज्या वैनीनं त्याचे शाळेचे डबे भरले तिच्याशी लगन लावून राह्यला तू त्याचं.

डब्यातून माहं पत्र काढ. दुसरं पान वाच. मंग कॅप्टनकडे जा अन् सांग का माही बहीन असं म्हनली नव्हती, मी खोटं बोललो. ते कलम काढून घे. लोनच्याची बरनी आली. उघडली नाई.

रंगूबाई


केनवड
२४ फेब्रुवारी २०२५

बाई,

दुसरं पान वाचलं. तिसरंही वाचलं. आधी वाचलं असतं तरी मी बैठकीत हेच बोललो असतो.

तू मले खोटा म्हणतं. मी तुझा विचार केला, हे खोटं? भागवतले भरतीच्या मैदानावर मी नेलं. त्याची पेटी आली तेव्हा पहिला खांदा माझा होता. त्या जागेवर त्याच्या नावाची पाटी आहे. उद्या त्या पाटीखाली कामरगावचा कोणी माणूस मोटरा भरत बसेल, बिडी ओढेल, ते मले पाहावणार नाही. जागा सरकारनं भागवतच्या जिवाबद्दल देल्ली. सून म्हणून देल्ली. सून राह्यली नाही तर कायची जागा?

लग्न करायचं तर कर म्हणावं, कोणी अडवलं नाही. रीतीनं पाट लाव, गाजावाजा कायले?

सूचना माझी असली तरी आता मंडळाची झाली. पुढच्या महिन्यात वाशिमले बैठक आहे, तिथं ठराव कायम होईल अन् मुंबईले जाईल. फौजी माणूस देल्लेला शब्द परत घेत नाही. तू रागात आहेस, बाईमाणूस आहेस, शांत हो.

पुंजाजी


मेडशी
११ मार्च २०२५

पुंजाजी,

मी वाशिमच्या बैठकीले आल्ती. तू पुढच्या रांगेत होता, टोपी घालून, माह्याकडे पाठ. तुले दिसलं नाई का तू पाह्यलं नाई, देव जाने. ऐकू तं आलंच नसन. म्हून तुह्या पाठीमागं काय झालं ते मी लिहून देते. सारी पानं वाच या टायमाले.

मी अन् बेबीबाई एसटीनं निघालो. मालेगावले हिरीबाई चढली, तांड्यावरची. पेन्शनच्या रांगेत दरसाली भेटते मले, तिचा पयला नवराबी फौजेतच मेला. तिले मी सारं सांगतलं तं ती खिडकीतून बाहेर पाहत राह्यली, अन् वाशिमले आमच्या मागं मागं उतरली. हॉलपाशी गेलो तं एक गडी म्हने, चहावाल्या बाया मागच्या दारानं. बेबीबाई म्हने, चहा पाजालेच आलो बापू, पन पुढच्या दारानं. तिचं तोंड तुले माहीत हाय.

मागच्या भिंतीपाशी खुर्च्या ओढून बसलो. कॅप्टन साहेबानं एकेक कलम वाचलं. कॅन्टीनचं झालं, दवाखान्याचं झालं, पोराईच्या फीचं झालं. चांगलं होतं ते, मी खोटं कायले बोलू. मंग आमचं आलं. मी उठून उभी राह्यली.

मी सांगतलं, ज्या बहिनीचं उदाहरन तुमी घेतलं ती मी हाय, अन् मी असं कधीच म्हनली नाई. साहेब चिडले नाईत. भला मानूस हाय, त्याचाच तं राग येते. गोड आवाजात म्हने, "मावशी, हे तुमच्याच भल्यासाठी हाय."

मी म्हनलं, "माहं भलं मले विचारा ना साहेब. मी काय भिंतीवरचा फोटो हाय?"

दोघं-चौघं हसले. एक जन म्हने, बाया मधात पडल्या का कामं होत नाईत. तवा हिरीबाई उठली. पदर डोक्यावर, मान खाली. ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते. "साहेब, मले दिरासंग लावलं. तो सात वर्साचा होता तवापासून मी त्याले न्हाऊ घातलं होतं. एका रातीतून माहा नवरा झाला. जागा घरात राह्यली साहेब. त्या जागेत आमी दोघं एकमेकाच्या तोंडाकडे पाहत नाई."

अन् बसली. हसनाऱ्यानं रुमाल काढला.

कॅप्टन साहेबानं चष्मा उतरवला. म्हने, ज्यानं सूचना मांडली त्यानं मागं घेतली तं मंडळ विचार करन. हवालदार पुंजाजी, काय म्हनता? तू समोरच्या बिस्किटाच्या ताटलीकडे पाहत होता. त्याहीनं पुन्हा विचारलं. तू मान हलवली, ती हो होती का नाई होती कोनाले समजलं नाई. मंग साहेब म्हने, जसं हाय तसंच ठेवावं असं ज्याले वाटते त्यानं हात वर करा. पयले थोडेच हात वर झाले. लोक एकमेकाकडे पाहत होते. तू डावीकडे पाह्यलं, उजवीकडे पाह्यलं, अन् हात वर केला. सरळ, सलामी देल्ल्यावानी. ज्याच्या घरची गोष्ट त्याचाच हात वर, हे पाहून बाकीच्याईनं बी केले. झाला ठराव पास.

तुले ऐकू आलं नाई, हे मी मानते. पन मागं वळून पाहाले कान लागत नाईत, पुंजाजी. मागं तीन बाया होत्या. त्यातली एक तुही बहीन होती. जिनं तुले कडेवर घेऊन साऱ्या केनवडात फिरवलं, तुही नाकपुसनी करून पदर सडला जिचा.

परतीच्या एसटीत हिरीबाई म्हने, मी कायले बोलली, आता घरी कसं जाऊ. तिले मालेगावले उतरवतांनी मी तिचा हात सोडला नाई तं कंडक्टर ओरडला.

मले पत्र लिहू नको.

रंगूबाई


केनवड
२२ मार्च २०२५

बाई,

तू नको म्हटलं तरी लिहितो. सारी पानं वाचली. धनीबाईलेही वाचाले देल्ली. ती माझ्याशी बोलत नाही.

कॅप्टन साहेबाच्या घरी गेलो. कागदावर लिहून विचारलं, त्या दिवशी हात कायसाठी होते. त्यांनी लिहून दाखवलं. मले वाटलं होतं, चहापाण्याच्या आभाराचे आहेत. मी तिथंच लिहून देल्लं की माझी सूचना मी मागं घेतो. ते म्हणाले, ठराव आता एकट्याचा नाही, मुंबईले गेला. माझा कागद त्याच्या मागून पाठवतील. आधी कोणता वाचतील, सांगता येत नाही. तालुक्याचं अध्यक्षपद मी सोडलं. ऐकू येत नाही त्यानं दुसऱ्याचं गाऱ्हाणं सरकारले सांगू नये.

हिरीबाईच्या तांड्यावर गेलो होतो. ती बाहेर आली नाही. तिचा नवरा आला, त्यानं पाणी देल्लं. आम्ही दोघं बाजेवर बसलो. तो बोलला असता तरी मले ऐकता आलं नसतं. उठताना त्यानं माझ्या पायाले हात लावला. मले तिथून पळून जावंसं वाटलं.

पाटीबद्दल जे लिहिलं ते मनातलं होतं. अजूनही आहे. पण ते निकितानं कायले भोगावं? तिले एवढं सांग.

पुंजाजी


मेडशी
१४ एप्रिल २०२५

पुंजाजी,

तिले एवढं सांग म्हने. मी काहून सांगू? तू पुन्हा दुसऱ्याच्या तोंडून बोलून राह्यला. तुह्या तोंडाले काय झालं?

हिरीबाई बोलली ते मी निकिताले वाशिमवरून आल्यावरच सांगतलं होतं. ती दुसऱ्या दिवशी चक्कीवर गेली. पंधरा दिवस नुसती चक्की. मंग एका सोमवारी चक्कीले कुलूप लावलं, योगिनीची वेनी घातली अन् एसटीनं कामरगावले गेली. मले सोबत नेलं नाई. दिवसभर मी आंगनात येरझारा घालून जमीन झिजवली. बेबीबाई म्हने, बस ना वं म्हातारे, मले चक्कर येऊन राह्यली.

संध्याकाळी आली. तिनं देवानंदले दुकानात उभं करून विचारलं म्हने, गिऱ्हाइकाईच्या समोर, का जागा गेली असं समजूनच लगन करायचं, चालते का? तो म्हने, नट-बोल्टावर बसवलेली हाय चक्की, खोलून दुसरीकडे बसवू. हे सांगतांनी ती हसली. आता सरकारले जे करायचं ते करो. आमी बायाईनंबी आमचं वेगळं लिहून धाडलं मुंबईले. बेबीबाईच्या भाचीनं लिहिलं, हिरीबाईनं सगळ्यात पयले अंगठा देल्ला. तुमच्या मंडळाच्या मार्फत नाई, डायरेक्ट.

लगन मे महिन्याच्या तीन तारखेले, सकाळी दहाले. वरातीचा बँड मेहकरवरून येते. मांडव चक्कीच्या जागेवरच हाय, भागवतच्या पाटीच्या समोर. मीच सांगतलं तिथं घालाले. तुमच्या मंडळातल्या साऱ्याईले पत्रिका धाडल्या, कॅप्टन साहेबालेबी. मले इतका आनंद हाय का झोप येत नाई, अन् इतका राग हाय का जेवन जात नाई. बुंदीचा घाना नीट पडला पायजे म्हून आचाऱ्याच्या मागं लागली हाय, तो मले पाहून लपते.

आता कामाचं. निकिताचा सख्खा मामा म्हने, दुसऱ्या लग्नाले मामा पोरीच्या मागं उभा राहत नाई. भावकीतला कोनी पाहू म्हनलं, तं निकितानं तुहं नाव घेतलं. मी म्हनलं, तो? त्याले? ती म्हने, "हो, तेच. साऱ्या मंडळासमोर ज्याहीनं हात वर केला, त्याहीनंच मले साऱ्या मंडळासमोर बोहल्यावर न्यावं."

मी लय भांडली तिच्याशी. ती ऐकत नाई. सून कोनाची हाय.

तं मी तुले बोलावत नाई. निकितानं बोलावलं हाय. दोन तारखेलेच ये, धनीबाईले घेऊन ये. धोतर नवं घाल. माह्याशी बोलू नको, मी उत्तर देनार नाई. माहा राग हाय तसाच हाय, अन् त्या दिवशी घरात शंभर मानसं असतीन, मले भांडाले फुरसत नाई. तू फक्त तिच्या मागं उभा राह्य. अंतरपाट खाली पडेपर्यंत हलू नको.

रंगू